पातेल्यावरचं नाव

पाण्याच्या टाकीवरची पाटी वाचायला कुणी पगार देतं, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही. माझं काम तिला समजावून सांगायचा प्रयत्न मी बरेचदा केलाय. श्रीमंत देश गरीब देशांना मदत करतात. त्या मदतीचं पुढं काय झालं हे बघायला आमच्यासारख्या कंपन्या असतात. आम्ही जातो, बघतो, विचारतो आणि परत येऊन अहवाल लिहितो. आई सगळं नीट ऐकून घेते आणि म्हणते, "म्हणजे ज्यानं दिलं त्यानंच विचारायचं, कसं वाटलं म्हणून?" मी म्हणते, तो नाही विचारत, आम्ही विचारतो. "मग तुम्हाला पगार कोण देतं?" इथं आमचं बोलणं संपतं आणि ती कणीक मळायला घेते.

आम्ही ऑकलंडच्या फ्लॅट बुशमध्ये राहतो. इथली घरं ऐसपैस आणि एकसारखी, दारात दोन गाड्या, आणि सकाळी ऑफिस गाठायचं तर मोटरवेवर मुंगीच्या पावलानं जायचं. बाबा गेल्यावर आईला मी इकडे आणली. ती आली तेव्हा तिच्या सामानात कपडे कमी आणि एक मोठं स्टीलचं पातेलं होतं. पातेल्यात पापड, मसाले आणि बाबांचा फोटो. विमानतळावरच्या तपासनिसानं मसाले काढून घेतले, पातेल्याला आतून-बाहेरून टॉर्च लावून पाहिलं आणि ते परत तिच्या हातात दिलं. एवढं कशाला आणलंस, असं मी गाडीत बसल्या बसल्या विचारलं. "खीर कशात करणार?" ती म्हणाली.

खडकीच्या कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहायचो तेव्हापासूनचं ते पातेलं. बाबांनी हौसेनं घेतलं होतं आणि दुकानात उभं राहून त्यावर स्वतःचं नाव घालून घेतलं होतं. टरटर वाजणारं ते छोटं यंत्र, ठिपक्याठिपक्यांनी उमटणारी अक्षरं. बुद्धपौर्णिमेची खीर त्यातच व्हायची. एरवी कुणाचं बारसं, कुणाची पुण्यतिथी असली की पातेलं फिरायचं. नाव त्यासाठीच होतं. चार घरची भांडी एकत्र घासली गेली तरी ज्याचं त्याला मिळावं. कार्य उरकलं की पातेलं आणायला मला पाठवत, आणि ते कधी रिकामं परत आलं नाही. तळाला थोडा शिरा, निदान गुळाचा खडा तरी असायचा. दुसऱ्याचं भांडं रिकामं द्यायचं नसतं, हे कुणी शिकवल्याचं मला आठवत नाही. ते माहीतच असायचं.

ऑकलंडला आल्यावरही पातेल्याचं काम सुटलं नाही. आमची इथली मंडळी एक सभागृह भाड्यानं घेऊन बुद्धपौर्णिमा करतात. खीर आईच्या पातेल्यात होते आणि त्या दिवशी आई जरा ताठ चालते.

ही गोष्ट घडली त्या वर्षी माझ्याकडे टाक्यांचं काम होतं. पॅसिफिकमधल्या एका छोट्या देशातल्या गावागावांत पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बसवल्या होत्या. टाकी हिरवी, प्लास्टिकची, आणि तिच्यावर देणाऱ्या देशाचा झेंडा असलेली पाटी. खाली, अमुक देशाच्या जनतेकडून भेट. एका गावात चर्चच्या भिंतीला लागून तीन टाक्या होत्या, तीन देशांच्या. तीन पाहुणे एकाच घरी एकाच दिवशी टपकावेत तशा त्या एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या. मधल्या टाकीचा नळ गळत होता. गळणाऱ्या नळाखाली बादली, बादली भरली की ती ओतायची, पुन्हा लावायची. गावातल्या दुकानात वायसर मिळत होता, मी विचारलं. मग बदलत का नाही? ज्याला विचारलं तो गृहस्थ गोड हसला. म्हणाला, "ते येतील."

कोण येतील हे त्यानं पाटीकडे बोट करून दाखवलं.

अशा वेळी अहवालात लिहायचं वाक्य आमच्या धंद्यात ठरलेलं आहे. 'स्थानिक लोकांमध्ये मालकीची भावना निर्माण झालेली नाही.' मी ते इतक्यांदा लिहिलंय की बोटं आपोआप चालतात. त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: लोकांना प्रशिक्षण द्यावं. मी तेही लिहिलं.

अहवाल पूर्ण व्हायच्या आत त्या बेटांवर चक्रीवादळ आलं.

आमच्यापासून तिसऱ्या घरातली बाई मूळची तिथली. ती जवळच्या शाळेच्या ऑफिसात काम करते. आईची आणि तिची ओळख अळूवरून झाली. कुंपणापलीकडे तिचं अळू माजलेलं आईनं पाहिलं आणि ती नुसती बघत उभी राहिली. "किआ ओरा!" म्हणून त्या बाईनं हात केला आणि वाडगंभर पानं कापून दिली. दुसऱ्या दिवशी त्याच वाडग्यातून अळूवड्या गेल्या. मग काय, वाडगी येत-जात राहिली. आईचं इंग्रजी चार शब्दांचं, पण दोघींचं कुठं अडलं नाही. आमच्याकडची माणसं भांडं रिकामं परत देत नाहीत, हे शेजारणीच्या लक्षात आलं होतं. ती ते माझ्याजवळ कौतुकानं बोललीही होती.

वादळानंतर तिच्या चर्चनं सामान गोळा करायला घेतलं. गावात घरं राहिली नव्हती, सगळ्यांचं जेवण एकत्र शिजत होतं आणि मोठी भांडी हवी होती. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसनं सगळीकडे पत्रक पाठवलं होतं: वस्तू पाठवू नका, पैसे पाठवा. ते मीच लिहिलं होतं. त्यामागे कारणं आहेत. संकट आलं की दयाळू लोक कपाटं रिकामी करतात, आणि छोट्या बंदरावर लोकरीचे कोट आणि उंच टाचांचे बूट येऊन पडतात. औषधांच्या पेट्या त्यांच्यामागे अडकतात.

हे सगळं मी आईला सांगितलं, कारण ती पातेलं घासून पुसून दारात घेऊन बसली होती.

"पैसे दे ना आई. मी भरते तुझ्या नावानं."

"पैसे तुझे. नाहीतर जावयाचे," ती म्हणाली. "पातेलं माझं आहे."

"पण पौर्णिमेला खीर कशात करशील?"

"करू कशात तरी." तिनं पातेल्याची कड पदरानं पुन्हा पुसली. "जन्मभर घेतलंच गं मी. शाळेत परदेशातल्या पावडरीचं दूध घेतलं. डब्यावर काहीतरी लिहिलेलं असायचं. बाई सांगायच्या, ज्यांनी पाठवलं त्यांचे आभार माना, की आम्ही डब्याकडे बघून हात जोडायचो. वसतिगृहात दुसऱ्यांचे कपडे घेतले. आता तुझ्या घरात बसून खाते. एकदा तरी काहीतरी असं देऊ दे, की ते घेणाऱ्याचं होईल."

त्या दुधाच्या डब्यावर कुठल्या देशाचं नाव होतं हे तिला आठवत नाही. इथं आल्यापासून इथलंच असावं असं तिला वाटतं, कारण इथल्या दुधाला तोच वास येतो म्हणे. मी यावर वाद घालत नाही.

तर पातेलं गेलं. शेजारीण गाडी घेऊन आली तेव्हा तिनं कडेच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि हे काय म्हणून विचारलं. "नेम," आई म्हणाली. "माय हजबंड." आणि वर हात केला. पुढची माहिती मी पुरवली. आमच्याकडे भांड्यावर नाव घालतात, म्हणजे ते कुठंही गेलं तरी घरी परत येतं. शेजारणीनं मान डोलावली, पातेलं चादरीत गुंडाळलं आणि लेकराला ठेवावं तसं गाडीत ठेवलं.

त्यानंतरच्या महिन्यांत आई बदलली. बदलली म्हणजे काय, जरा मोठ्यानं बोलायला लागली. बातम्यांत बेटं दिसली की चष्मा लावायची. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेली की दुकानदाराला सांगायची, "माय पॉट देअर." त्याला काही कळायचं नाही, तो इथल्या रीतीनं "स्वीट अ‍ॅज", म्हणजे मस्तच, म्हणायचा, आणि ते ऐकून आई खूश व्हायची. माझ्या लेकीला ती जेवताना हिशेब मांडून दाखवायची, की त्या पातेल्यात एका वेळी किती जणांचा भात होत असेल. लेक इंग्रजीतून म्हणायची, आजी, हीप्स, म्हणजे ढीगभर. मला हे बघायला आवडत होतं, हे कबूल करते. पत्रक मागं घ्यावं इतकं नाही, पण आवडत होतं.

पावसाळी गारठा संपून उन्हं यायला लागली तशी एका रविवारी दुपारी दारावरची बेल वाजली. दारात शेजारीण आणि तिची नुकतीच बेटावरून आलेली मावशी. मावशीच्या अंगात मोठमोठ्या फुलांचा झगा, पायात जॅन्डल्स म्हणतात त्या रबरी चपला, केसात फूल. दोघींनी दोन बाजूंनी धरलेलं आईचं पातेलं.

चर्चचा मोठा वाढदिवस होता, म्हणून बेटावरून जहाजानं अळूचे कांदे आणि चटया आल्या होत्या, त्यांच्यातच पातेलंही आलं होतं. ते इतकं लख्ख घासलेलं होतं की आमच्या घरी ते कधी तसं दिसलं नव्हतं. आत त्या दिवशी सकाळी शिजवलेली, नारळाच्या दुधातली अळूची पानं, काठोकाठ.

मावशी उभी राहून तिच्या भाषेत बोलली, शेजारीण मला इंग्रजीत सांगत गेली आणि मी आईला मराठीत. या पातेल्यात आख्खं गाव जेवलं. हे लांबच्या एका माणसाचं आहे, तो आता नाही, त्याच्या बायकोनं विश्वासानं दिलंय, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. आम्ही त्याला एक पोचा पडू दिला नाही. हे बोलताना मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं हात जोडले, चहा केला, दोघींना दारापर्यंत सोडलं.

मग ती खुर्चीत बसली. माझी लेक वाटी भरून खात होती आणि "सो यम, आजी" म्हणत होती. आईनं पातेल्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"परत केलं," ती म्हणाली.

"अगं, किती मानानं केलं."

"मी दिलं होतं गं. उसनं नव्हतं दिलं." तिचा आवाज फुटला. "दान दिलेलं कुणी परत करतं का?"

बाबा गेले तेव्हाही ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मग पदरानं डोळे पुसून ती उठली आणि ते अळूचं फतफतं दुसऱ्या भांड्यात काढायला लागली.

संध्याकाळी मी शेजारणीकडे गेले. जरा रागातच गेले, खरं सांगायचं तर. भेट म्हणून दिलेली वस्तू तुम्ही परत का केलीत, असं मी सरळ विचारलं. ती गोंधळली.

"पण त्यावर त्यांचं नाव आहे," ती म्हणाली. "तूच म्हणालीस ना, नाव असलं की घरी परत येतं? दुसऱ्याचं नाव असलेली वस्तू आम्ही आपली कशी म्हणणार? लोक ते वापरताना सुद्धा घाबरायचे. त्याचा कान जरा हलत होता, पण कुणी ठोकला नाही. मालकाला न विचारता कसा ठोकायचा?"

"बाकीच्या भांड्यांचं काय झालं?"

"ती राहिली तिथंच. कुणाकुणाच्या घरात रुळली."

मी तिच्या ओट्यावर उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती हिरवी टाकी आली. गोड हसणारा तो गृहस्थ, आणि त्यानं पाटीकडे दाखवलेलं बोट. त्याच्यात मालकीची भावना नव्हती असं मी लिहून मोकळी झाले होते. उलट मालक कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते पाटीवर लिहिलेलं होतं.

श्रीमंत देशांची आपसात एक रीत आहे. ते आळीपाळीनं एकमेकांची मदत तपासतात. आज तुम्ही आमच्या वह्या बघा, उद्या आम्ही तुमच्या बघू, असं. त्या वर्षी न्यूझीलंडची पाळी होती आणि दोन देशांचे तपासनीस आले होते. त्यांच्यासमोर टाक्यांवर बोलायला मला बोलावलं होतं. मी प्रशिक्षणाचं वाक्य काढून टाकलं होतं. पाट्या काढाव्यात, आणि टाकीवर काय लिहायचं ते गावावर सोडावं, एवढंच माझं म्हणणं. पातेल्याचा दाखला दिला नाही, तिथं तसलं बोलत नाहीत.

सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. एक तपासनीस म्हणाले, फारच रोचक. या शब्दाचा अर्थ मला इतक्या वर्षांत चांगला कळलाय. दुसऱ्या बाई म्हणाल्या की त्यांच्या देशातल्या करदात्यांना आपला पैसा कुठं गेला हे दिसायला हवं, नाहीतर मदतच बंद होईल. आमचे यजमान अधिकारी म्हणाले, आमच्याकडेही तेच. शिवाय एकानं झेंडा काढला आणि शेजारच्या टाकीवर दुसऱ्याचा राहिला, तर गैरसमज व्हायचा. हे सगळे चांगले लोक आहेत, हे मला सांगायला हवं. त्यांच्यातला एकही लबाड नव्हता. चर्चेअंती असं ठरलं की पाटीचा आकार कमी करावा आणि मजकूर स्थानिक भाषेतही द्यावा.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती.

"काढायला काय झालं होतं त्यांना?"

"कुणी दिलं ते कळायला नको का लोकांना?"

मी उपहासानं म्हटलं होतं, पण ती हसली नाही. निवडलेली भाजी तिनं बाजूला सारली. "त्या दुधाच्या डब्यासारखं," एवढंच म्हणाली.

पुढच्या शनिवारी सकाळी ती साडी नेसून, स्वेटर घालून तयार बसली होती. मांडीवर पातेलं. "भांडं घासून गुळगुळीत करून देणारा कुणी असेल तर बघ. नाव काढायचंय."

मला धक्का बसला. "आई, बाबांचं नाव आहे ते."

"मला वाचता येतं."

"अगं, या देशात त्यांचं नाव दुसरीकडे कुठंसुद्धा लिहिलेलं नाही."

"माहितेय मला," ती म्हणाली. "म्हणूनच ते पातेलं अजून माझं आहे."

हेन्डरसनला हॉटेलांची स्टीलची टेबलं पॉलिश करणारं एक वर्कशॉप मिळालं. आम्ही शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. तिथल्या माणसानं ठिपक्यांवर अंगठा फिरवून विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं. तो थांबला. पुसट ठेवू शकतो, म्हणाला, जवळून बघितलं तरच दिसेल इतपत. मी आईकडे पाहिलं. मला मनापासून वाटत होतं तिनं हो म्हणावं.

"ऑल," आई म्हणाली.

तिनं एकदा सगळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि पातेलं त्याच्या हातात दिलं. यंत्र सुरू झालं. बाबांनी नाव घालून घेतलं तेव्हाच्या यंत्रापेक्षा याचा आवाज कितीतरी मोठा होता. आई बाहेर आली नाही. तिथंच उभी राहून तिनं शेवटपर्यंत बघितलं. काम झालं तेव्हा नावाच्या जागी तळहाताएवढा एक चकचकीत डाग उरला होता.

त्याच दुपारी आम्ही ते शेजारणीकडे नेलं. मावशी परत जाणार होती, तिच्या सामानात जागा होती. "परत कधी हवं?" शेजारणीनं विचारलं. आई म्हणाली, "नो बॅक. युवर्स." शेजारणीनं सवयीनं कडेकडे पाहिलं, चकचकीत जागेवर हात ठेवला, आणि मग माझ्याकडे वळली. मी काही भाषांतर केलं नाही. तिनं आईला दोन्ही हातांनी जवळ घेतलं. आई तिच्या खांद्याच्याही खालीच आली.

पुढच्या बुद्धपौर्णिमेची खीर आम्ही दोन कुकरांत केली. ती खाली लागली आणि सगळ्यांनी छान झाली म्हणून खाल्ली.

काही दिवसांनी शेजारणीनं फोनवर एक फोटो पाठवला. चूल, धूर, पाच-सहा बायका, आणि मध्ये ते पातेलं. काळं पडलेलं, एका बाजूला चांगला मोठा पोचा आलेला, हलणारा कान तारेनं आवळलेला. जिथं बाबांचं नाव होतं तिथं पांढऱ्या रंगानं ब्रशनं काहीतरी लिहिलेलं होतं. आईनं चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, काय लिहिलंय.

"त्यांच्या गावाचं नाव आहे."

ती पोच्याकडे बघत राहिली, तारेकडे बघत राहिली. तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

"आता कुणी उसनं नेलं," आई म्हणाली, "तरी त्यांच्याकडेच परत येईल."